जुन्या फॉन्टमधले अंक युनिकोडमध्ये आणताना

प्रश्न असा आहे: एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिकाचे १९९८ पासूनचे अंक पेजमेकर या पानं मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलींत पडून आहेत. काही कृतिदेव फॉन्टमध्ये, काही श्री-लिपीच्या फॉन्टांत, मधली काही वर्षं सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरमध्ये. नव्या संगणकावर फाइल उघडली की नुसती रोमन अक्षरं दिसतात. हे सगळं संकेतस्थळावर अशा रूपात ठेवायचं आहे की लेखकाचं नाव किंवा एखादा शब्द टाकला की लेख सापडावा. कन्व्हर्टर वापरावा, पुन्हा टाइप करून घ्यावं, की छापील अंक स्कॅन करून पीडीएफ चढवून मोकळं व्हावं?

माझं मत आधीच सांगतो. फाइली शाबूत असतील तर कन्व्हर्टच करा, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर सॉफ्टवेअरकडून युनिकोडमध्ये (जगातल्या लिपींच्या चिन्हांना एकेक ठरलेला आकडा देणाऱ्या संकेतप्रणालीत) वळवून घ्या. मात्र मजकुरात फॉन्ट कुठे कुठे बदलतो ही माहिती जपून करा आणि शेवटी प्रुफं वाचायला मराठी नीट जाणणारं माणूस बसवा. नुसत्या स्कॅनवर थांबू नका. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. तो जपून ठेवावाच, पण त्यात शोध घेता येत नाही, त्यातला मजकूर मोठ्या अक्षरात करून वाचता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाच्या फोनला तो वाचूनही दाखवता येत नाही.

आता फाइलीत नेमकं काय आहे ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. संगणक अक्षराऐवजी एक आकडा साठवतो. त्या काळी एका फॉन्टमध्ये वापरता येण्याजोग्या जागा दोनशेच्या आसपास, आणि त्या सगळ्या रोमन अक्षरं नि चिन्हांसाठी ठरलेल्या. आपल्याकडच्या फॉन्ट करणाऱ्यांनी त्याच जागांवर देवनागरीचे सुटे भाग बसवले: काना, वेलांटी, अर्धा म, रफार, अख्खा क्ष. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप केलं की फाइलीत ई, जे, के, कॅपिटल बी, एच ही पाच रोमन अक्षरं साठतात. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, कॅपिटल बी म्हणजे ठ आणि एच म्हणजे दीर्घ वेलांटी. फॉन्ट लावलेला आहे तोवर पडद्यावर मराठी दिसतं, फॉन्ट काढला की मूळची रोमन अक्षरं उघडी पडतात.

यातला एक नेहमीचा घोटाळा लगेच सांगून ठेवतो. असा मजकूर वर्डमध्ये घेऊन दुरुस्त्या करायला बसलात आणि वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करण्याची सोय चालू राहिली, तर सुरुवातीच्या ई चा कॅपिटल ई होतो. कृतिदेवमध्ये कॅपिटल ई म्हणजे अर्धा म, त्यामुळे ‘मराठी’चं ‘म्राठी’ होतं. म्हणून जुन्या फॉन्टच्या मजकुराला हात लावण्याआधी ऑटोकरेक्ट पूर्ण बंद करा.

कृतिदेवची मांडणी टाइपरायटरवरून आलेली. श्री-लिपीची वेगळी, आयएसएमच्या फॉन्टांची त्याहून वेगळी. एकाच संस्थेच्या दोन फॉन्टांतही फरक असतो: डीव्ही-टीटी सुरेख आणि डीव्हीबी-टीटी सुरेख ही नावं सारखी वाटतात, पण दुसरा द्विभाषिक आहे, रोमन अक्षरंही त्यातच असल्यामुळे देवनागरीचे भाग वेगळ्या जागी गेले आहेत. त्यामुळे ‘आमचे अंक श्री-लिपीत आहेत’ एवढी माहिती पुरत नाही. प्रत्येक फाइलीतल्या फॉन्टचं पूर्ण नाव, त्यातल्या आकड्यासकट, एका वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवा. कन्व्हर्टर निवडताना हीच यादी लागते. चुकीच्या मांडणीचा कन्व्हर्टर लावला तर निम्मा मजकूर बरोबर दिसतो आणि निम्मा बिघडतो. सगळाच बिघडला तर निदान लगेच कळलं असतं, अर्धवट बिघाड मात्र वरवर पाहून सुटतो.

त्या वेळच्या ऑपरेटरांना याचा दोष देण्यात अर्थ नाही, हे मला मनापासून म्हणायचं आहे. मानकं होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट या भारतीय लिपी संगणकावर आणण्याच्या प्रकल्पातून इस्की ही संकेतप्रणाली आली, १९९१ मध्ये ती आयएस १३१९४ म्हणून भारतीय मानकही झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला होता. पण विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी आली ती विंडोज २००० पासून, र. कृ. जोशी यांनी केलेल्या मंगल फॉन्टबरोबर. त्यानंतरही पेजमेकरला युनिकोड कधीच कळलं नाही. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची. अंक तर दरवर्षी काढायचाच होता, आणि हातात जे होतं त्यात तो नेटका काढला गेला.

कामाला लागण्याआधी प्रत्येक फाइलीचा आजार ओळखा. मराठी मजकूर बिघडलेला दिसतो तेव्हा चारांपैकी एक गोष्ट झालेली असते, आणि चारही ठिकाणी उपाय वेगळा. साधी रोमन अक्षरं नि विरामचिन्हं दिसत असतील तर जुना फॉन्ट आहे, कन्व्हर्टर लागेल. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्यामागे काही चिन्हं, असं पुन्हा पुन्हा दिसत असेल तर मजकूर मुळात युनिकोडच आहे. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं आणि कुणीतरी ते तीन बाइट तीन सुटी रोमन अक्षरं समजून उघडले आहेत. सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची) फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली की हे हमखास होतं. डेटा आयात करताना यूटीएफ-८ निवडलं की मजकूर जागेवर येतो. रिकामे चौकोन दिसले तर मजकूर ठीक आहे, त्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट नाही. आणि ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं दिसली, तर ती फाइल सोडा आणि तिची जुनी प्रत शोधा. तिथे अक्षरांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हं साठवली गेली आहेत, त्यातून काहीही परत मिळत नाही.

पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढताना एकच पथ्य महत्त्वाचं: ‘टेक्स्ट ओन्ली’ निवडू नका, आरटीएफ निवडा. साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टची माहिती गळून पडते. लेखात मध्येच टाइम्स या इंग्रजी फॉन्टमध्ये घातलेला ‘लाइन’ हा इंग्रजी शब्द असेल, तर कन्व्हर्टरला तोही कृतिदेवच वाटतो आणि एल, आय, एन, ई यांचं तो ‘सपदम’ करून ठेवतो. विज्ञानावरचे लेख, संदर्भसूची, ईमेल पत्ते, जाहिराती सगळीकडे हा प्रकार होतो. आरटीएफमध्ये प्रत्येक तुकड्याला त्याचा फॉन्ट चिकटलेला राहतो. चांगला कन्व्हर्टर तो पाहून फक्त देवनागरी तुकडे बदलतो. आकड्यांचंही तसंच. काही फॉन्टांत शून्य ते नऊच्या कळांवर मराठी अंक असतात, काहींत इंग्रजी, तेव्हा छापील अंक शेजारी ठेवून एकदा पडताळा.

पेजमेकरमध्ये प्रत्येक ‘स्टोरी’, म्हणजे जोडलेल्या चौकटींतला सलग मजकूर, सुटी निर्यात होते. लेखाचा उरलेला भाग मागच्या पानावर वेगळ्या चौकटीत टाकला असेल आणि चौकटी जोडलेल्या नसतील, तर लेख अर्धाच हाती येतो. छापील अनुक्रमणिका समोर ठेवून एकेका लेखावर खूण करत जा. जुन्या सॉफ्टवेअरला लागणारा डोंगल (परवान्यासाठी संगणकाला जोडायचं छोटं उपकरण) हरवला असेल तरी बहुधा अडत नाही, तो मुख्यतः टाइप करण्यासाठी लागायचा. फॉन्टच्या फाइली आणि पेजमेकर चालणारा एखादा जुना संगणक मिळाला की मजकूर बाहेर निघतो. आणि हे सगळं सीडीवर असेल तर आधी त्या सीडी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर वर्षांगणिक खराब होतो.

आता कन्व्हर्टरच्या पोटात काय होतं ते. जुन्या फॉन्टांत अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं. ‘आर्थिक’ घ्या. जुन्या फाइलीत क्रम असा: आ, ऱ्हस्व वेलांटी, थ, रफार, क. युनिकोडमध्ये: आ, र, हलन्त (पाय मोडल्याची खूण), थ, ऱ्हस्व वेलांटी, क. म्हणजे वेलांटी थ च्या मागून पुढे न्यायची आणि रफार थ च्या पुढून मागे आणायचा, तोही र आणि हलन्त असा फोडून. साध्या अक्षराला हे सोपं. ‘स्त्रिया’सारख्या शब्दातल्या जोडाक्षरात वेलांटी नेमकी किती भाग ओलांडून न्यायची, इथे कच्चे कन्व्हर्टर घसरतात.

दुसरी अडचण ऑपरेटरच्या बोटांच्या सवयीतून येते. ‘कांदा’ लिहिताना क, काना, अनुस्वार असा क्रम असो की क, अनुस्वार, काना असा, जुन्या फॉन्टात कागदावर दोन्ही सारखेच उमटायचे, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. युनिकोडमध्ये दुसरा क्रम चुकीचा आहे. पडद्यावर काना सुटा होऊन ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला दिसतो. हे ठिपक्यांचं वर्तुळ फार उपयोगी आहे. कन्व्हर्ट केलेला लेख ब्राउझरमध्ये उघडा आणि वर्तुळं शोधत खाली या, क्रमाच्या बहुतेक चुका तिथेच पकडल्या जातात.

तिसरी गोष्ट खास आपली. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांनी’ आणि ‘आचाऱ्यांनी’. रफार आणि य ला चिकटणारी आडवी खूण यांत अर्थ बदलतो. हिंदीसाठी लिहिलेल्या कन्व्हर्टरला त्या आडव्या खुणेची गरज कधी पडलेली नसते. तो तिचा रफार करतो किंवा ती गाळून टाकतो. म्हणून कुठलाही कन्व्हर्टर पूर्ण अंकावर चालवण्याआधी मी त्याला एक लहानसा उतारा देतो: दुसऱ्या, वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, आचार्य, आचारी, आर्थिक, स्त्रिया, ज्ञान, क्षमा, बाळ, कॉलेज, ॲडव्होकेट, दुःख. एवढ्यातून जो सहीसलामत पार पडेल, त्याच्यावर पुढचं काम सोपवावं.

हे सगळं बरोबर दिसलं तरी शोध फसू शकतो, आणि तुमचा मूळ हेतू शोधाचाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. ‘दुसऱ्या’तला ऱ्य दोन प्रकारे साठवता येतो. एकात ऱ, हलन्त, य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग य. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला वेगळे. वाचकानं एका प्रकारे टाइप केलं आणि लेख दुसऱ्या प्रकारे साठवलेला असला तर शोधात काही सापडत नाही. ॲ चं प्रकरण याहून वाईट. ॲ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक अ ला चंद्र जोडून लिहायचे, काहीजण मध्ये ते न दिसणारं चिन्ह घालायचे, काही हिंदी पद्धतीचा ऍ वापरायचे. आजही चारही रूपं सर्रास सापडतात. वकिलांच्या नावाआधीचं ‘ॲड.’ चार तऱ्हांनी साठवलेलं असलं, तर एकाच माणसाचे लेख चार ठिकाणी विखुरतात.

उपाय साधा पण शिस्तीचा आहे. एक रूप ठरवा (माझा सल्ला: ऱ असलेला ऱ्य आणि स्वतंत्र ॲ), आणि सगळ्या मजकुरात शोधा-बदला चालवून बाकीची रूपं त्यात वळवा. दुःखाच्या विसर्गाच्या जागी पुष्कळदा कोलन टाइप केलेला असतो, तोही याच फेरीत बदला, मात्र एकेक पाहून, कारण ‘उदा:’सारख्या ठिकाणी कोलनच अभिप्रेत असतो. संकेतस्थळ करणाऱ्याला सांगा की वाचकानं शोधात टाकलेल्या शब्दालाही हेच बदल लावून मग शोधायचं. युनिकोडचं स्वतःचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची सोय) यातले सगळे फरक मिटवत नाही. न दिसणाऱ्या चिन्हाचा फरक तर त्यातून मिटतच नाही, तेव्हा ‘ते आपोआप होतं’ असं कुणी म्हणालं तर एक ऱ्य शोधून दाखवायला सांगा.

मग प्रुफं. शब्दाच्या सुरुवातीला आलेली मात्रा, लागोपाठ दोन काने, शब्दाअखेर उरलेला हलन्त, देवनागरीत अडकलेलं एखादं रोमन अक्षर, असं सगळं यंत्राला शोधू द्या. पण ‘दर्या’ बरोबर की ‘दऱ्या’ हे यंत्राला ठरवता येत नाही. मुद्रितशोधक छापील अंक शेजारी ठेवून वाचेल तेव्हाच ते कळेल. या कामाचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरा. बहुतेक संस्था कन्व्हर्टरवर खर्च करतात आणि इथे हात आखडतात. मग वाचकाला पहिल्याच पानावर बिघडलेली कविता दिसते. कवितांची प्रुफं सर्वांत आधी आणि दोनदा वाचा. तिथे एक वेलांटी गेली तरी वृत्त मोडतं.

ज्या वर्षांच्या फाइली मिळणारच नाहीत, त्यांच्यासाठी छापील अंक तीनशे डीपीआयला स्कॅन करून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरकडून ओळखवून मजकूर करून घ्या. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी वाचतं, गूगल ड्राइव्हही वाचतं. स्वच्छ छपाई असेल तर निकाल चांगला येतो, पण दोन रकान्यांचं पान, शाई पसरलेली जोडाक्षरं आणि पिवळा पडलेला कागद यांवर दोन्ही अडखळतात. फाइल हाती असेल तर मात्र ओसीआरच्या वाटेला जाऊ नका. कन्व्हर्टरच्या चुका ठरावीक ठिकाणी होतात आणि एकगठ्ठा दुरुस्त करता येतात. ओसीआरची चूक कुठेही असू शकते.

नवे अंक आता थेट युनिकोडमध्येच करा. इनडिझाइन हे पानं मांडण्याचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावा, नाहीतर वेलांट्या नि जोडाक्षरं सुटी पडतात आणि लोक उगाच फॉन्टला नावं ठेवतात. फॉन्टांची आता वानवा नाही: राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू, मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, गूगलचा नोटो, शिवाय टिरो देवनागरी मराठी. ल आणि श यांचं मराठी वळण हवं असेल, आणि मराठी वार्षिकात ते हवंच असा माझा आग्रह आहे, तर नोटोसारख्या फॉन्टात मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. भाषा ठरवली नाही की तो हिंदी वळणाचे आकार दाखवतो. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही ल आणि श यांची मराठी वळणंच प्रमाण धरली आहेत.

टायपिंगबद्दल थोडंच. नव्यानं शिकणाऱ्याला इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी शिकवा. डाव्या हाताला स्वर नि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, अशी मांडणी असल्यानं ती लवकर बसते आणि सगळ्या संगणकांत ती आधीपासून असते. ज्याचा हात टाइपरायटरच्या मांडणीवर बसला आहे त्याला ती सोडायला लावू नका, रेमिंग्टन मांडणीतूनही युनिकोड टाइप करता येतं. कधीमधी लिहिणाऱ्या लेखकांना विंडोज १० मध्ये २०१९ पासून आलेला मराठी फोनेटिक कळफलक पुरेसा आहे.

एक गोष्ट कटाक्षानं पाळा. अंक छापखान्यात गेला की पीडीएफ ठेवून मूळ फाइल पुसू नका. पीडीएफमध्ये युनिकोड फॉन्ट असला तरी आत साठतात ते मुख्यतः अक्षरांचे आकार नि त्यांच्या जागा. देवनागरी मजकूर तिथून कॉपी केला की मात्रा इकडच्या तिकडे होतात आणि जोडाक्षरं गळतात. प्रत्येक लेखाची साधी यूटीएफ-८ टेक्स्ट फाइल वेगळी ठेवा, नावात वर्ष आणि लेखक घालून. ती उघडायला कुठलंच विशिष्ट सॉफ्टवेअर लागत नाही.

राहिली लेखकसूची. ती नुसत्या संकेतांकांच्या, म्हणजे चिन्हांच्या युनिकोडमधल्या आकड्यांच्या, क्रमानं लावली तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, क्ष क मध्ये जातो आणि ‘ज्ञानेश्वर’ ज च्या यादीत सापडतो. मराठीची वर्णक्रमाची व्यवस्था, म्हणजे ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ, युनिकोडच्या भाषावार नियमांत आहे, पण ती वापरायला प्रोग्रामरनं मराठी निवडावी लागते. सूची हातात आली की आधी ही तीन अक्षरं कुठे पडली आहेत ते पाहा, आणि मगच ती संकेतस्थळावर चढवा.